कॅन्सरच्या उपचारात कोण काय करतो: तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णासोबत पहिल्यांदा रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी

तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस उपचार संपेपर्यंत डझनभराहून अधिक तज्ज्ञांच्या हाताखालून जातो. प्रत्येकाचे काम ठरलेले असते आणि बहुतेक जण ते मनापासून करतात. घोळ होतो तो एका विभागातून दुसऱ्या विभागात जाताना. बायोप्सीचा, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्याचा, रिपोर्ट तयार असतो, पण सर्जनपर्यंत पोचलेला नसतो. ऑपरेशन छान होते, पण शेक, म्हणजे किरणोपचार, कधी सुरू करायचा हे घरच्यांना कळलेले नसते. केमोनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ताप येतो आणि रुग्णालयाला फोन करण्याऐवजी मेडिकलमधून गोळी आणली जाते. दोन विभागांमधल्या या जागा शेवटी नातेवाइकांनाच सांभाळाव्या लागतात. त्यासाठी कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हे ठाऊक हवे.

उदाहरण तोंडाच्या कॅन्सरचे घेतले आहे, कारण तंबाखू, मिश्री, गुटखा आणि खर्‍यामुळे महाराष्ट्रात हा आजार घरोघरी माहीत आहे, आणि या एका आजारात जवळजवळ सगळी टीम कामाला लागते. स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरमध्ये काही माणसे बदलतात, कामाची घडी साधारण हीच राहते.

फाइल आणि घरातला एक माणूस

मोठ्या सरकारी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात रुग्ण एका ‘युनिट’चा असतो. युनिटला एक प्रमुख कन्सल्टंट असतो, ओपीडीचे वार ठरलेले असतात, आणि हाताखाली निवासी डॉक्टर असतात. रोज वॉर्डात दिसणारे तरुण डॉक्टर हे निवासी. त्यांची काही महिन्यांनी बदली होते, कन्सल्टंट मात्र तेच राहतात. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी लिहून घ्या: नोंदणी क्रमांक, कन्सल्टंटचे नाव आणि ओपीडीचे वार. पुढे कुठल्याही खिडकीवर याच तीन गोष्टी विचारतात.

घरातून एकाच माणसाने डॉक्टरांशी बोलावे. आज भाऊ, उद्या जावई, परवा पुण्याहून आलेले काका असे झाले की प्रत्येकाला अर्धीच गोष्ट कळते आणि डॉक्टरही वैतागतात. त्या एका माणसाकडे साधी वही असावी: तारीख, कोणाला भेटलो, काय ठरले, पुढे कुठे जायचे. प्रत्येक भेटीच्या शेवटी एक प्रश्न न चुकता विचारा: “आता पुढे कोणाकडे, कधी, आणि तिथे काय घेऊन जायचे?”

फाइलमध्ये कागद या क्रमाने लावा:

१. बायोप्सी आणि ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट
२. सीटी, एमआरआय, पेट या स्कॅनचे रिपोर्ट आणि त्यांच्या सीडी
३. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद
४. रक्ताचे रिपोर्ट, सर्वात नवा वर
५. चालू औषधांची यादी: बीपी, साखर, रक्त पातळ करणारी गोळी, आणि कोणी काढा किंवा जडीबुटी देत असेल तर तीही

आधार आणि शिधापत्रिकेच्या झेरॉक्स वेगळ्या पाकिटात ठेवा. प्रत्येक कागदाचा मोबाइलमध्ये फोटो काढा. फाइल लोकलमध्ये किंवा एसटीत राहिली तर तो फोटोच कामी येतो.

ज्यांचा चेहरा दिसत नाही ते डॉक्टर

दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, अचानक हललेला दात: हे पहिल्यांदा दाताचे डॉक्टर किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ पाहतात. ते जखमेच्या कडेचा छोटा तुकडा काढतात. त्यानंतर सगळे पॅथॉलॉजिस्टच्या हातात असते. हे डॉक्टर तुम्हाला कधी भेटणार नाहीत, पण कॅन्सर आहे की नाही आणि कोणत्या प्रकारचा हे तेच सांगतात. त्यांच्या कागदाशिवाय कोणी ऑपरेशन करणार नाही, योजनेची मंजुरीही मिळणार नाही.

तुकडा मेणात बसवून त्याचा ‘ब्लॉक’ बनवतात आणि त्याचे पातळ काप काचेवर घेऊन ‘स्लाइड’ करतात. दुसऱ्या रुग्णालयात जायचे ठरले तर आधीच्या प्रयोगशाळेतून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही अर्ज करून मागून घ्या. नवे रुग्णालय बहुधा ती स्वतः पुन्हा तपासते. ब्लॉक मिळाला तर दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागत नाही, अशी शक्यता मोठी असते. ब्लॉक मेणाचा असतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका. स्लाइड डबीतच न्या, रुमालात गुंडाळून नको.

रेडिओलॉजिस्ट सीटी किंवा एमआरआय वाचतात. जबड्याच्या हाडासाठी बहुधा सीटी आणि जिभेसाठी एमआरआय अधिक उपयोगी ठरतो. सुईतून रंगद्रव्य देऊन तपासणी करायची असेल तर मूत्रपिंड नीट चालते का हे कळायला आधी रक्तातले क्रिएटिनिन पाहतात. तो रिपोर्ट हातात नसला तर माणूस दारातून परत येतो. मधुमेहाच्या गोळ्या आणि पूर्वी कशाची ॲलर्जी झाली असेल तर ते टेबलवर झोपण्याआधी सांगा.

पेट सीटी, म्हणजे आजार शरीरात लांब कुठे पोचला का हे पाहणारा स्कॅन, सगळ्यांना लागत नाही. लागलाच तर तो न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होतो. ४ ते ६ तास उपाशी जावे लागते, साखर वाढलेली असेल तर तपासणी पुढे ढकलतात. त्या दिवशी रुग्णाने गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांपासून थोडे लांब राहायचे असते.

रिपोर्टमध्ये टी, एन आणि एम ही अक्षरे दिसतील: मूळ गाठ केवढी, मानेतल्या ग्रंथींत गेली का, आणि शरीरात लांब कुठे पोचली का. स्कॅनवरून सांगितलेली स्टेज हा अंदाज असतो. ऑपरेशननंतर काढलेला सगळा भाग तपासून जी ठरते ती पक्की. त्यामुळे स्कॅनचा कागद वाचून नातेवाइकांना फोन करत सुटू नका.

तीन ऑन्कोलॉजिस्ट आणि त्यांची बैठक

‘कॅन्सरचा डॉक्टर’ असा एकच डॉक्टर नसतो. सर्जिकल ऑन्कोलॉजिस्ट ऑपरेशन करतात. तोंडाच्या कॅन्सरसाठी त्यांतलेही डोके-मान या भागाचे सर्जन हवेत. रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट किरणोपचार देतात, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट केमोथेरपी आणि इतर औषधे देतात. सर्जनच्या नावापुढे बहुधा एमसीएच, मेडिकल ऑन्कोलॉजिस्टच्या पुढे डीएम आणि रेडिएशनवाल्यांच्या पुढे एमडी असते. पहिल्या दोन शाखांत डीआरएनबी ही पदवीही दिसेल. लहान शहरांत रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टच केमोही देतात. शेकासोबतच्या केमोपुरते त्यात काही वावगे नाही.

मुंबईतल्या टाटा स्मारक रुग्णालयात प्रत्येक प्रकारच्या कॅन्सरसाठी या सगळ्या शाखांचा एक गट असतो आणि अवघड केसेसवर ते एकत्र बसून निर्णय घेतात. इतर बऱ्याच मोठ्या केंद्रांत अशा बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली केंद्रे जोडली आहेत. कोणत्या कॅन्सरला काय उपचार द्यायचे याच्या समान मार्गदर्शक सूचना हे जाळे तयार करते. तुम्ही जाल त्या रुग्णालयात विचारा: “आमची केस बैठकीत ठेवली का? काय ठरले?” उत्तर केसपेपरवर लिहून मागा.

याच वेळी आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला: “हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी?” हा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचारा. घर गहाण ठेवायचे का, मुंबईत तीन महिने राहायचे का, हे सगळे निर्णय या एका उत्तरावर उभे असतात.

दुसरा: ऑपरेशन करता येण्यासारखी गाठ असताना कोणी आधी केमो सुचवली तर “आधी केमो कशासाठी?” तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन शक्य असेल तर प्रथम ऑपरेशन हीच रूढ पद्धत आहे. गाठ फार पसरली असेल तर ती लहान करण्यासाठी आधी केमो देतात आणि त्याला कारण असते. ते कारण डोके-मान सर्जननेही पाहिलेले हवे. केमोने गाठ दबली, बरे वाटू लागले, आणि माणूस ऑपरेशनलाच गेला नाही, हे होता होईल तो टाळा. काही महिन्यांनी गाठ परत वाढते, आणि तेव्हा ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असू शकते.

दुसरे मत जरूर घ्या. डॉक्टरांना त्याचा राग येत नाही, आणि येत असेल तर तो तुमचा प्रश्न नाही. मात्र एक-दोन आठवड्यांत ते उरका.

पैशांची माणसे: ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांखाली कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि कॅन्सरचे ऑपरेशन, केमो, शेक तिन्ही त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. शिधापत्रिका, आधार आणि बायोप्सी रिपोर्ट घेऊन आधी त्यांच्याकडे जा. ते कागद संगणकावर चढवतात आणि मंजुरी आल्यावर उपचार सुरू होतात. योजना कॅशलेस आहे. आधी बिल भरून मागून पैसे मागण्याची ती व्यवस्था नाही, म्हणूनच क्रम महत्त्वाचा. शिधापत्रिकेवर आणि आधारवर नाव वेगवेगळे लिहिलेले असले की काम अडते. त्याची दुरुस्ती गावाकडे त्याच आठवड्यात सुरू करा. योजनेचा फोन १५५३८८, आयुष्मानचा १४५५५.

खासगी विमा असेल तर रुग्णालयातल्या टीपीए डेस्ककडे जा, विम्याचे दावे तिथे हाताळतात. केसपेपरवर “त्रास कधीपासून” आणि “तंबाखू किती वर्षे” हे डॉक्टर लिहितात. विम्यासाठी म्हणून ते खोटे सांगू नका. उपचार त्याच माहितीवर ठरतात.

वैद्यकीय समाजसेवक हा टीममधला सर्वात कमी वापरला जाणारा माणूस आहे आणि बाहेरगावच्या रुग्णासाठी सर्वात मोलाचा. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी ट्रस्टची मदत, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, राहण्याची सोय, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म या सगळ्याची वाट त्यांच्या खोलीतून जाते. परळला, म्हणजे टाटा रुग्णालयाच्या भागात, उपचार घेणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन या जुन्या, भरवशाच्या जागा आहेत. तिथे जागेसाठी रांग असते, म्हणून पहिल्याच फेरीत विचारा. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि तृतीय श्रेणी एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाच्या ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

टाटा रुग्णालयात ‘केवट’ नावाच्या प्रशिक्षणातून तयार झालेले रुग्ण-मार्गदर्शक असतात. कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर, कोणत्या क्रमाने जायचे हे ते सांगतात. ते दिसले तर संकोच करू नका.

ऑपरेशनच्या आधी: भूलतज्ज्ञ आणि दाताचे डॉक्टर

भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या आधी ओपीडीत तपासतात. गुटख्यामुळे तोंड उघडत नसेल तर भूल देताना श्वासाची नळी घालणे अवघड होते, आणि त्याची वेगळी तयारी लागते. म्हणून “दोनच बोटे तोंडात जातात” हे त्यांना स्पष्ट सांगा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ती कधी बंद करायची हे हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. स्वतःहून बंद करू नका आणि न सांगता चालूही ठेवू नका. उपाशी राहण्याचा नियम साधारण असा: जेवण ६ तास आधी बंद, साधे पाणी २ तास आधी बंद. रात्रभर पाण्याचा थेंबही न घेता ठेवायची गरज नसते, पण त्या दिवशी सिस्टर जे सांगतील तेच पाळा.

दाताचे डॉक्टर कशाला, असे बऱ्याच जणांना वाटते. शेक दिल्यावर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यानंतर दात काढला तर जखम भरत नाही आणि हाड कुजू शकते. म्हणून किडके, हलणारे दात शेकाच्या आधीच काढायचे, आणि जखम भरायला निदान दोन आठवडे द्यायचे. शक्य असेल तर हे ऑपरेशनच्या वेळीच उरकते. नंतर आयुष्यभर, कुठल्याही गावच्या डेंटिस्टकडे गेलात तरी, “मानेला-तोंडाला शेक घेतलेला आहे” हे पहिले वाक्य असले पाहिजे.

ऑपरेशन आणि वॉर्ड

सर्जन गाठ, आजूबाजूचा थोडा चांगला भाग आणि बहुतेक वेळा मानेतल्या ग्रंथी काढतात. तयार झालेली पोकळी प्लास्टिक सर्जन भरतात: छातीचे, मांडीचे किंवा हाताचे मांस, आणि जबडा काढला असेल तर पायातले एक हाड रक्तवाहिन्यांसह आणून. रक्तवाहिन्या जोडलेल्या भागावर पहिले दोन दिवस सिस्टर तासातासाला नजर ठेवतात. तो निळसर, पांढरट किंवा थंड पडला तर रुग्णाला पुन्हा थिएटरमध्ये नेतात. असे झाले म्हणजे हलगर्जी झाली असे नाही. वेळेत उघडून पाहिले तर भाग वाचू शकतो.

श्वासासाठी गळ्याला तात्पुरते छिद्र असेल तर रुग्णाला बोलता येत नाही. पाटी-पेन्सिल किंवा जाड स्केचपेन आणि वही आधीच घेऊन ठेवा. लिहिता न येणाऱ्यांसाठी चित्रे काढून ठेवा: पाणी, दुखते, कफ, संडास. गळ्यातून कफ ओढणे, नाकातल्या नळीने अन्न देणे, ड्रेन (जखमेतल्या नळीतून येणारे पाणी) मोजणे हे सगळे सिस्टर शिकवतात. डिस्चार्जच्या दिवशी शिकायला गेलात तर दहा मिनिटे मिळतील. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांच्या शेजारी उभे राहून स्वतःच्या हाताने करून दाखवा.

फिजिओथेरपिस्ट दोन कामांसाठी येतात. मानेच्या ग्रंथी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला धक्का बसतो आणि हात वर जात नाही. दुसरे, जबडा आवळतो. तोंडाचे उघडणे मिलिमीटरमध्ये मोजतात, ३५ च्या खाली गेले तर ते आवळलेले समजतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये ठेवण्याचा व्यायाम ते देतील. एक काडी वाढवायला आठवडा लागू शकतो, आणि शेक चालू असताना व्यायाम थांबवला तर कमावलेले सगळे जाते. गिळणे आणि बोलणे यांसाठी वेगळे स्पीच थेरपिस्ट असतात. पाणी पिताना ठसका लागत असेल तर नळी काढण्याची घाई त्यांना विचारल्याशिवाय करू नका. अन्न फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो.

ऑपरेशन ते शेक: सर्वात जास्त घसरण इथे होते

ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत येतो. हाड काढले असेल तर ते मऊ करून कापावे लागते, म्हणून अजून काही दिवस जातात. त्यात गाठीची खोली, काढलेल्या भागाच्या कडा आजारापासून मोकळ्या आहेत का, किती ग्रंथींत आजार सापडला आणि तो ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेला का, हे लिहिलेले असते. कडा अपुरी असेल किंवा आजार आवरणाबाहेर गेला असेल तर बहुधा शेकासोबत केमोही लागते. काहींना फक्त शेक, काहींना काहीच नाही.

शेक लागणार असेल तर तो ऑपरेशनपासून सुमारे ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. सहा आठवडे पुष्कळ वाटतात, पण हिशेब करून पाहा. दोन आठवडे रिपोर्टला. मग सर्जनची ओपीडी, तिथून रेडिएशनच्या ओपीडीची तारीख, दातांचे काम, साचा, प्लॅनिंग, आणि मशीनची प्रतीक्षायादी. जखम भरायची वाट बघत माणूस गावी गेला आणि महिन्याने परत आला तर मुदत हातची गेलेली असते.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी सर्जनच्या युनिटला विचारा: “रिपोर्ट कधी, तो घेऊन कोणत्या वारी यायचे, आणि रेडिएशनचा नंबर आताच लावता येईल का?” ऑपरेशन मुंबईत आणि शेक घराजवळ असे करायला हरकत नाही. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कॅन्सर रुग्णालय इथे शेकाची सोय आहे. सहा आठवडे मुंबईत भाड्याने राहण्यापेक्षा ते घरच्यांना झेपते. मात्र नव्या ठिकाणी नुसते डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ऑपरेशनची सविस्तर नोंद, पूर्ण पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि ऑपरेशनच्या आधीच्या स्कॅनची सीडी लागते. गाठ मुळात कुठे होती हे त्या सीडीशिवाय नव्या डॉक्टरांना कळणार कसे?

शेकाचा विभाग

इथे रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टबरोबर वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आणि टेक्नॉलॉजिस्ट असतात. आधी गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकच्या जाळीचा साचा चेहऱ्यावर बसवतात, म्हणजे रोज डोके त्याच जागी राहते. साचा घालून सीटी काढतात. किरण कुठे द्यायचे आणि किती हे डॉक्टर ठरवतात, ते मशीनमधून अचूक तसेच पडतील याचा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ करतात. म्हणून साचा घेतला की लगेच दुसऱ्या दिवशी शेक सुरू होत नाही, मध्ये काही दिवस जातात.

ऑपरेशननंतर बहुधा ३० वेळा शेक असतो: आठवड्याचे ५ दिवस, ६ आठवडे, एकूण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप). रोजचे काम टेक्नॉलॉजिस्ट करतात आणि मशीनवरचा वेळ काही मिनिटांचा असतो. दुखत नाही. बाहेरून दिलेल्या शेकाने माणूस किरणोत्सारी होत नाही, नातवाला मांडीवर घेता येते. साचा सैल झाला किंवा घट्ट वाटू लागला तर टेक्नॉलॉजिस्टना त्याच दिवशी सांगा. वजन घटले की साचा सैल होतो आणि मग प्लॅन पुन्हा करावा लागू शकतो.

मधले दिवस बुडवू नका. गणपती, लग्न, पेरणी कशासाठीही नाही. खंड पडला की उरलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो आणि उपचाराचा गुण कमी होतो. मशीन बंद पडले किंवा ताप आला तर बुडालेला दिवस कसा भरून काढायचा हे डॉक्टर ठरवतील.

तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते. १ लिटर कोमट पाण्यात १ चमचा मीठ आणि १ चमचा खायचा सोडा घालून दिवसातून ६-८ वेळा चुळा भरायच्या. बाजारातल्या अल्कोहोलवाल्या माउथवॉशने आग वाढते. आठवड्यातून एकदा डॉक्टर ‘रिव्ह्यू’ करतात. वेदनेचे औषध मागायची ती जागा. टेक्नॉलॉजिस्ट औषध लिहून देऊ शकत नाहीत.

केमोचे डे-केअर

शेकासोबत बहुधा सिस्प्लाटिन देतात, दर आठवड्याला किंवा दर ३ आठवड्यांनी. डोस उंची आणि वजनावरून निघतो, म्हणून प्रत्येक वेळी वजन करूनच जा. आदल्या दिवशीचे रक्त आणि क्रिएटिनिन बघितल्याशिवाय औषध चढवत नाहीत. हे औषध मूत्रपिंड आणि कानांना त्रास देऊ शकते. लघवी कमी झाली किंवा कानात शिट्टी वाजू लागली तर पुढचा डोस घेण्याआधी सांगा, नंतर नको.

डे-केअरमध्ये डॉक्टरांपेक्षा केमोच्या सिस्टर महत्त्वाच्या. सुईच्या जागी आग झाली, सूज आली, तर बेल वाजवा किंवा हाक मारा. सलाइन संपेपर्यंत सहन करू नका. काही औषधे शिरेबाहेर गेली तर कातडी जळते. घरी आल्यावर ४८ तास रुग्णाची लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घाला, कपडे वेगळे धुवा.

आणि ताप. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वात खाली जातात. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी आपत्कालीन विभागात जायचे आणि दारातच सांगायचे: “केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली.” लगेच शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे लागते. गाव लांब असेल तर जवळचे २४ तास उघडे असणारे रुग्णालय आधीच ठरवा आणि फाइलची प्रत तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवा. घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. हात लावून पाहिलेला ताप इथे चालत नाही.

औषधविक्रेत्याला, म्हणजे रुग्णालयाच्या फार्मासिस्टला, दोन गोष्टी विचारा: कोणती गोळी कुटून नळीतून देता येते (सगळ्या नाही), आणि कोणते इंजेक्शन थंड ठेवायचे. पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. फ्रीझरमध्ये गोठले तर ते फुकट जाते.

आहारतज्ज्ञ

साधारण ५० किलोच्या माणसाला रोज १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. पेज आणि नारळपाणी यांतून हे पूर्ण होत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने. दूध, दही, अंडे, डाळ, शेंगदाणा, सातूचे पीठ हे मिक्सरमधून काढून, गाळून नळीतून देता येते. गाळले नाही तर नळी तुंबते. रुग्णाला बसवून किंवा डोके अर्धे उंच ठेवून द्यायचे, नंतर अर्धा तास तसेच ठेवायचे, आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी ढकलायचे. नळी निघून आली तर घरी परत घालू नका. “साखर बंद, दूध बंद, फक्त फळांचा रस” असे कोणी सांगितले तर आधी आहारतज्ज्ञांना विचारा. महिन्यात ५ टक्के वजन उतरले की त्यांच्याकडे लगेच जायचे.

वेदना आणि मन

पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर शेवटच्या दिवसांसाठीच असतात हा समज रुग्णांना फार छळतो. वेदना, मळमळ, झोप, जखमेचा वास हे त्यांचे काम, आणि ते उपचार चालू असतानाही बघतात. मॉर्फिन सगळीकडे मिळत नाही, मान्यता असलेल्या संस्थांतूनच मिळते. ते वेळेवर घ्यायचे, दुखेपर्यंत थांबायचे नाही, आणि सोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे क्वचितच घडते. पुण्यात वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून ही सेवा विनामूल्य देते. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, आणि त्याची गोव्यातही शाखा आहे.

“बाबांना सांगू नका” असे डॉक्टरांच्या कानात सांगणारी बहुतेक कुटुंबे प्रेमापोटीच तसे करतात. पण संमतीपत्रावर सही रुग्णाची असते, आणि ‘कॅन्सर’ हा शब्द रुग्णालयाच्या पाटीवरच असतो. रुग्णालाच विचारा: “तुम्हाला किती सांगायचे? सगळे की थोडे?” जे उत्तर येईल ते डॉक्टरांना सांगा. अवघड जात असेल तर समुपदेशक हे संभाषण सोबत बसून करतात. रुग्ण जेवत नाही, बोलत नाही, झोपत नाही, तर तेही समुपदेशकांना किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर सांगा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ वर मोफत मदत मिळते. ती रुग्णाच्या मुलांनाही घेता येते.

उपचार संपल्यावर

पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी थोडे अंतर वाढवून, आणि पुढे ५ वर्षांपर्यंत दर ४ ते ८ महिन्यांनी तपासणी असते. ती मुख्यतः सर्जनची ओपीडी करते, आणि शेक दिलेल्यांची रेडिएशनचीही. मानेला शेक घेतल्यावर थायरॉईड मंदावू शकते, त्यामुळे दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या. थकवा आणि वजनवाढ यांचे कारण तिथे सापडू शकते. तोंडात नवी जखम, मानेत नवी गाठ, गिळताना नव्याने अडथळा, किंवा कानात सरकणारे दुखणे यांतले काहीही दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. नोंदणी क्रमांक तोच चालतो. जुनी फाइल घेऊन त्याच युनिटच्या ओपीडीच्या वारी सकाळी जा आणि खिडकीवर “तारखेआधी आलो आहोत, नवी तक्रार आहे” असे सांगा.